छबूमावशीची झडती

छबूमावशीच्या घरात शिरायचं असेल तर उंबऱ्याशी दोन्ही हात आडवे करून उभं राहावं लागतं. मग ती ओट्यावरचं उलथणं उचलते, आपल्या खांद्यापासून घोट्यापर्यंत, अंगाला न लावता, सावकाश फिरवते, आणि संशय आला की तोंडाने "टूं" असा आवाज काढते. टूं झालं की खिसा, पदर, पिशवी, जे काही असेल ते रिकामं करायचं. त्याला अपील नाही. उलथण्याला कधी पिठल्याचा वास असतो, कधी ऑम्लेटचा. मी एकदा तक्रार केली, तर म्हणाली, मशीनचा वास आपण घ्यायचा नसतो, मशीनला आपला वास घेऊ द्यायचा असतो.

मी तिच्या शेजारी राहते. पिंपरीतल्या आमच्या वस्तीत दोन घरांमधली भिंत इतकी पातळ आहे की फोडणी तिची पडते आणि शिंका आम्हाला येतात. मी कंत्राटी कामगारांच्या एका छोट्या समितीचं काम करते. काम म्हणजे काय, तर चाकणच्या कंपन्यांची शिफ्ट सुटताना गेटबाहेर पत्रकं वाटायची, जमल्यास दोन शब्द बोलायचे, आणि गार्डच्या तोंडून "चला, पुढं व्हा, गर्दी करू नका" ऐकून घ्यायचं. त्यामुळे गार्ड या जातीविषयी माझं मत गोड नाही, आणि ते गोड असल्याचं नाटकही मी करणार नाही. बारा तास उभं राहणारा, आमच्याइतकाच नाडलेला माणूस आम्हालाच हाकलतो, याचा राग येतो तो येतोच.

अशा मुलीच्या शेजारणीने सिक्युरिटी गार्ड व्हायचं ठरवलं.

झालं असं की नळाजवळच्या विजेच्या खांबावर कोणीतरी कागद चिकटवला : महिला सुरक्षारक्षक पाहिजेत, प्रत्यक्ष मुलाखतीस यावे. मावशीने तो वाचला, इकडेतिकडे पाहिलं, आणि पाण्याने भिजवून अख्खा सोलून घरी नेला. बाकीच्या बायकांनी कसं वाचायचं, असं मी विचारलं. ती म्हणाली, "मुलाखत हितूनच सुरू झाली, लेकी. जिला खांबावरचा कागद राखता आला न्हाई, ती कंपनी काय राखंल?"

कागदावर वयाची अट होती. मावशीला ती अडचण वाटली नाही. आमच्या वस्तीतल्या वडीलधाऱ्या पिढीत जो तो एक जूनला जन्मलेला आहे, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांना तीच तारीख सोयीची होती. वर्षाचंही तसंच. मावशीला शाळेत घातलं तेव्हा मास्तरांनी तिच्या उंचीकडे बघून साल टाकलं, आणि मावशी तेव्हाही बुटकी होती. त्यामुळे कागदोपत्री ती तिच्या धाकट्या बहिणीपेक्षा लहान आहे. या एका बाबतीत सरकारी कारभारावर तिचा पूर्ण विश्वास आहे.

मावशी नगर जिल्ह्यातून लग्न होऊन इथे आली. नवरा दादारावकाका. त्यांचं आयुष्य फाउंड्रीत गेलं, आणि जाताना कानही घेऊन गेलं. आता ते निवृत्त आहेत. ओट्यावर बसून तंबाखू मळणं आणि जगाला होकारार्थी मान हलवणं ही त्यांची दोन कामं. मावशीने उलथण्याचा सराव सुरू केला तेव्हा पहिलं गिऱ्हाईक म्हणा, पहिला संशयित म्हणा, तेच. सकाळी संडासला जाताना झडती, येताना झडती. तंबाखूची पुडी त्यांनी टोपीत लपवली, सापडली. मोज्यात लपवली, सापडली. शेवटी त्यांनी ती मावशीच्याच पिठाच्या डब्यामागे ठेवली, आणि ती मात्र बरेच दिवस सापडली नाही, कारण मावशी बाहेरून येणाऱ्याला तपासते, घरातल्याला नाही. मी हे तिला सांगितलं. ती गंभीर झाली. म्हणाली, कंपनीतबी असंच असतंय.

तिचं एक लाडकं वाक्य आहे : "माणूस खोटं बोलंल, पिशवी बोलत न्हाई." ते म्हणून झालं की ती पिशवीत हात घालते. पण एक गोष्ट मला तेव्हाही दिसत होती, तिचा अर्थ कळत नव्हता इतकंच. ती पिशवी कधी उलटी करत नाही. एकेक वस्तू तळहातावर घेते, बघते, आणि होती त्याच घडीत परत ठेवते. वर "चेक झालं, चला फुडं" म्हणते. भाजीवाला वैतागला, की बाई, पटापट ओता ना टोपली, मला पुढच्या गल्लीत जायचंय. मावशीने एकेक वांगं हातात घेऊन पाहिलं, जणू त्या वांग्यांना पण कोणीतरी आहे.

याच काळात महापालिकेच्या निवडणुकीचे वारे होते. आमच्या प्रभागातले एक होऊ घातलेले माननीय हात जोडून मतं मागत फिरत होते. मावशीच्या दारात आले. मावशी म्हणाली, हात आडवं करा. त्यांना वाटलं ओवाळणार. उलथणं फिरलं, छातीच्या खिशापाशी "टूं" झालं. बरोबरचे कार्यकर्ते हसत होते, तोवर खिशातून दोन बिल्ले निघाले, दोन वेगवेगळ्या पक्षांचे. मावशीने दोन्ही तळहातावर घेतले, नीट पाहिले, आणि होते तसे परत ठेवले. फक्त एवढंच म्हणाली, "सायेब, ह्यातला घरी ठेवायचा कुठला, ते आधी ठरवा. पिना गंजत्यात." मी पाच वर्षं भाषणं करून जे सांगू शकले नव्हते ते तिने एका उलथण्यात सांगितलं. माननीय निवडून आले, हा भाग वेगळा.

पिनांबद्दल बोलण्याचा तिला अधिकार होता. मावशीच्या दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या, आणि प्रत्येक बांगडीला सेफ्टी पिनांचे घोस लटकलेले. चालली की घुंगरांसारखा बारीक आवाज येतो. भीमजयंतीच्या सकाळी पांढऱ्या साड्या नेसून निघालेल्या आमच्या गल्लीतल्या झाडून सगळ्या बायका आधी मावशीच्या दारात थांबतात. कुणाच्या निऱ्या, कुणाचा खांदा, कुणाच्या पोरीच्या फ्रॉकची तुटलेली चेन. माझं पहिलं बॅनरसुद्धा तिच्याच पिनांनी टाचलं होतं. पिन मागितली आणि मावशीकडे नव्हती, असं कधी झालेलं कोणाला आठवत नाही. पिन परत केली, असंही कोणाला आठवत नाही.

आता ती नोकरी करायला निघाली म्हटल्यावर लोक विचारायचे, याआधी कुठे केली आहे का. मग मावशी खुलायची. भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये ती तरुणपणी मदतनीस होती, रबराचे सुटे भाग कापायला. "ती नोकरी म्या लाथ मारून सोडली," हे ती अशा थाटात सांगते की ऐकणाऱ्याने आपोआप पाय मागे घ्यावा. कारण मात्र दर वेळी निराळं. एकदा साहेबाने आवाज चढवला म्हणून तिने डबा त्याच्या टेबलावर आपटला. एकदा ओव्हरटाइम मागितला म्हणून राजीनामा तोंडावर फेकला. एकदा तर म्हणे मशीनच बंद पाडलं, आणि सगळं खातं तिच्यामागून चालत बाहेर आलं. काका प्रत्येक वेळी मान हलवतात. ऐकू काही येत नाही, पण ही गोष्ट चालू आहे हे त्यांना तिच्या हातवाऱ्यांवरून कळतं, आणि त्यांची छाती फुगते. आमच्या समितीतल्या बायकांना मी हाच किस्सा किती सभांमध्ये सांगितला होता. लढाऊ परंपरा म्हणून.

आणि मग एका संध्याकाळी उलथणं माझ्या पिशवीपाशी वाजलं.

पिशवीत दुसऱ्या दिवशी वाटायची पत्रकं होती. वरती ठळक अक्षरात : ही झडती आहे की बेइज्जती? चाकणच्या एका कारखान्यात शिफ्ट सुटल्यावर कंत्राटी बायकांना गेटवर रांगेत उभं करतात, भर रस्त्यासमोर, आणि पिशव्या टेबलावर उलट्या करतात. मोटारीतून जाणाऱ्या साहेबाची डिकी कोणी उघडत नाही. बसने जाणारीचा डबा मात्र उघडून हुंगतात. चोरी काय फक्त बसमध्ये बसूनच करता येते? आमची मागणी होती, बायकांच्या तपासणीसाठी स्वतंत्र खोली. व्यवस्थापनाने आमच्या अर्जाला उत्तर देण्याची तसदी घेतली नव्हती.

मावशीने पत्रक अक्षर लावून लावून वाचलं. दोनदा वाचलं. मग विचारलं, हे गेट कुठलं. मी सांगितलं. तिने भिजवून आणलेला तो कागद ट्रंकेतून काढला आणि माझ्यापुढे धरला. तो एका सिक्युरिटी एजन्सीचा होता, आणि ती ज्या ठिकाणांसाठी माणसं भरत होती त्यांत ते गेट होतं.

"मला हितंच लावून दे," मावशी म्हणाली.

मी चिडले. चिडणं हे माझं अर्धं काम आहे, पण त्या दिवशी मी मनापासून चिडले. मी म्हटलं, मावशी, आम्ही ज्या झडतीविरुद्ध उन्हात उभे राहतो ती झडती तू घेणार? आपल्याच बायकांची? तिने शांतपणे ऐकलं आणि उलथणं दाराला आडवं लावलं. म्हणाली, मला पाच उत्तरं शिकीव, मग जा. मी म्हटलं, मला मीटिंग आहे. ती म्हणाली, गेट बंद हाय.

काकांनी मान हलवली.

अशा रीतीने मी, झडतीविरोधी समितीची कार्यकर्ती, एका झडती घेणारीची शिकवणी घ्यायला बसले. माझ्या संघटनेतल्या लोकांनी याचा काय अर्थ लावायचा तो लावावा.

शिकवणी सोपी नव्हती. मुलाखतीत हल्ली काय विचारतात ते मी माहीत करून घेतलं होतं. तुमची जमेची बाजू काय, असं विचारतील, काय सांगशील? मावशी म्हणाली, डोक्यावर एक हंडा आन् कमरंवर एक. आणि कमकुवत बाजू? तिने न बोलता काकांकडे बोट दाखवलं. पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता? "हितंच. नळाच्या लायनीत." आग लागली तर आधी काय कराल? आधी दूध उतरवीन. मी म्हटलं, कंपनीत दूध नसतं. तिने थोडा विचार केला आणि विचारलं, मग एवढ्या बाया बिनचहाच्या काम करत्यात व्हय, हे तुज्या पत्रकात का न्हाई?

ते पुढच्या पत्रकात घातलं.

सॅल्यूटचाही सराव झाला. हात कपाळापर्यंत जायचा, पण तोंडातून "गुड मॉर्निंग सर"च्या ऐवजी "जय भीम" यायचं. इतक्या वर्षांची सवय. गॅसवाल्याला, पोस्टमनला, ताथवड्याच्या कॉलेजात जाणाऱ्या पोरांना ती दिवसभर सॅल्यूट ठोकत होती. पोरंही आता तिला सॅल्यूट ठोकूनच रिक्षात बसायची. युनिफॉर्ममध्ये पँट घालावी लागेल म्हणून तिने काकांची पँट घालून गल्लीत एक फेरी मारली. बायका हसल्या. मावशी परत आली आणि काकांना म्हणाली, "एवढं मोकळं चालता येतंय हे तुमी आमाला सांगितलं का न्हाई?"

मुलाखतीच्या दिवशी तिने जयंतीची पांढरी साडी नेसली, निळ्या काठाची. काकांना सोबत न्यायचं तर दर प्रश्न त्यांना ओरडून सांगावा लागला असता, म्हणून मी गेले. मोशीपासून चाकणपर्यंत बस गोगलगाईसारखी. मावशी खिडकीतून एकेका कंपनीचं गेट बघत होती आणि तिथल्या गार्डला मार्क देत होती. हा बसलाय. हा फोनवर हाय. ह्याला घरी झोपू द्यायला पायजे, बिचारा.

एजन्सीचं ऑफिस टायरच्या दुकानाच्या वरती. साहेब भरदार मिशांचे, आवाज कवायतीचा. शेजारी त्यांच्या ऑफिसातली एक मुलगी, चाचणीसाठी. पंखा एकच असल्याने दार उघडं होतं, आणि मी दाराशी बाकावर. मावशीने सॅल्यूट ठोकला आणि म्हणाली, जय भीम सर. साहेबांनी मान वर करून पाहिलं, मग म्हणाले, जय भीम, बसा.

प्रश्न झाले. आगीचं उत्तर तिने मी शिकवलं तसं दिलं, फक्त शेवटी दुधाचा उल्लेख आलाच. साहेबांना ती आवडली असावी, कारण त्यांनी तिला रावेतची एक सोसायटी देऊ केली. खुर्ची आहे, केबिन आहे, पंखा आहे, काम म्हणजे गाड्यांचे नंबर आणि पार्सलं. पिंपरीहून जवळ. मावशी म्हणाली, मला चाकणचं गेट पायजे. साहेबांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, बाई, त्या गेटवर बायका टिकत नाहीत, पाय सुजतात, शिव्या खाव्या लागतात. सगळ्याजणी माझ्याकडे सोसायटी मागायला येतात. मावशी म्हणाली, मग ते गेट मोकळंच असंल.

साहेबांनी चाचणी लावली. त्या मुलीने कुठेतरी एक पितळी बोल्ट लपवला आहे, तो शोधून काढायचा. मावशीच्या हातात खरं मशीन दिलं. ते हातात येताच वाजायला लागलं. मुलीपासून लांब धरलं तरी वाजलं, छताकडे धरलं तरी वाजलं. मावशीने खात्री करून घेण्यासाठी ते स्वतःच्या कानाला लावलं, तर जोरात वाजलं. साहेबांनीच ओळखलं : बांगड्यांतल्या पिना. ड्यूटीवर हातात धातू चालत नाही, काढा सगळ्या. मावशी एकेक पिन काढून टेबलावर ठेवायला लागली. टेबलावर ढीग झाला. साहेब आधी घड्याळाकडे बघत होते, मग नुसतेच ढिगाकडे बघत राहिले. मला तिचे हात तसे, नुसत्या काचेच्या बांगड्यांतले, बघवेनात. ओळखीचे वाटेनात.

मग तिने झडती सुरू केली. आधी मुलीला खांद्याला धरून वळवलं आणि स्वतः दाराच्या आणि तिच्या मध्ये उभी राहिली. मग साहेबांना म्हणाली, "सायेब, तुमी तिकडं बघा."

साहेब म्हणाले, मला चाचणी बघायचीय.

"ऐकू यील की. तोंड तिकडं."

आणि काय सांगू, साहेबांनी खुर्ची भिंतीकडे फिरवली. भिंतीवर कॅलेंडर होतं, ते वाचत बसले.

मशीन मुलीच्या अंगावरून शांत गेलं. पर्सपाशी वाजलं. मावशी एकेक वस्तू तळहातावर घेऊ लागली. कंगवा, किल्ली, रुमाल, गोळ्यांची पट्टी. मग कागदात गुंडाळलेली एक पुडी आली. कशाची पुडी, हे कुठल्याही बाईला न उघडता कळतं. मावशीने लगेच पदर पुढे घेतला, पदराखालीच मशीन धरलं. मशीन वाजलं, पदराखालून सुद्धा. मी बाकावरून ऐकलं. मुलीने ऐकलं. भिंतीकडे तोंड करून साहेबांनीही ऐकलं.

मावशीने पुडी परत पर्समध्ये ठेवली, चेन लावली आणि म्हणाली, "चेक झालं."

साहेब वळले. बोल्ट कुठाय? मावशी म्हणाली, तिच्यापाशी. साहेबांचा आवाज चढला. त्या पुडीतच आहे, चोरी करणाऱ्या तिथंच लपवतात, म्हणून तिथंच ठेवायला सांगितलं होतं. मशीन वाजूनही उघडली नाहीत म्हणजे तुम्ही नापास.

"म्हायती हाय त्यात हाय ते," मावशी म्हणाली. "तिला आडोशाला नेईन, दार लावीन, तिच्याच हातानं उघडायला लावीन. बोल्ट तुमाला आणून दीन. पर हितं, उघड्या दारात, न्हाई."

साहेब म्हणाले, कंपनीने टेबल दिलंय, खोली दिलेली नाही. आडोशाची काही तरतूद नाही. तपासणी टेबलावरच करायची, असा नियम आहे. कळवू तुम्हाला.

"कळवू" याचा अर्थ मला कळतो. आमच्या अर्जांनाही तोंडी हेच उत्तर असतं. मावशीने टेबलावरच्या पिना एकेक करून बांगड्यांत परत घातल्या. घाई केली नाही. जाताना सॅल्यूट ठोकला, या वेळी न बोलता.

खाली चहाच्या टपरीवर मी साहेबांना, एजन्सीला, कंपनीला आणि एकूण व्यवस्थेला काय काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. मावशी बशीत चहा ओतून फुंकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "भोसरीची नोकरी म्या लाथ मारून न्हाई सोडली."



तिथे वॉचमन पुरुष होता. संध्याकाळी सुटताना बायकांच्या पिशव्या टेबलावर उलट्या करायचा. एके दिवशी मावशीची पिशवी उलटी केली. आत घडीची चिंधी होती, वापरलेली, घरी नेऊन धुवायची म्हणून बांधून ठेवलेली. तेव्हा तेच असायचं. ती टेबलावरून घरंगळली आणि रांगेतल्या पुरुषांच्या पायापाशी जाऊन पडली. कोणीतरी हसलं. मावशीने वाकून ती उचलली, पिशवीत टाकली आणि घरी आली. दुसऱ्या दिवशी गेली नाही. त्या महिन्याचा पगार आणायलाही गेली नाही. नवऱ्याने विचारलं, तर म्हणाली, साहेबाच्या तोंडावर नोकरी फेकून आले.

"ह्यांला लई आनंद झाला," मावशी म्हणाली. "फाउंड्रीत सगळ्यांला सांगत सुटले. आता कसं काढून घ्यायचं त्यांच्याकडनं?"

मग तिने बशी ठेवली. "झडती तर तुजं पत्रक निघालं तरी हुणार, न्हाई निघालं तरी हुणार. जवर हुतीया, तवर हात माजा असू दे."

हे लिहायची परवानगी मी तिच्याकडून घेतली आहे. तिने अट एकच घातली : ह्यांला वाचून दावू नको.

एजन्सीचा फोन पुढच्या महिन्यात आला. चाकणच्या गेटवरची बाई सोडून गेली होती, तिच्या आधीचीही गेली होती, आणि साहेबांकडे दुसरं नाव नव्हतं. मला हे मुद्दाम सांगायचंय, कारण लोकांना वाटेल साहेबांचं मन बदललं. मन वगैरे काही बदललं नाही. माणूस मिळाला नाही. फोनवर साहेबांनी एवढंच बजावलं की तपासणी टेबलाशीच, खोली मिळणार नाही. मावशी म्हणाली, व्हय सर. काकांनी पेढे वाटले. ज्याला त्याला सांगत होते, हिने एकदा नोकरी साहेबाच्या तोंडावर फेकली होती, आता साहेबच घ्यायला आला.

पहिल्या आठवड्यात मी त्या गेटकडे गेले नाही. खरं सांगायचं तर तिला त्या टेबलामागे बघायची माझी तयारी नव्हती. पण पत्रकं वाटायची होती, आणि स्वतंत्र खोलीच्या मागणीचं नवं बॅनर तयार होतं. दुपारची शिफ्ट सुटायच्या वेळेला मी आणि समितीतल्या दोघीजणी पोचलो.

मावशी गेटवर उभी होती. निळा शर्ट, निळी पँट, डोक्यावर जरा मोठी होणारी टोपी. मला पाहून तिने हात पुढे केला.

"कुणाकडं? काम काय?"

मी म्हटलं, मावशी, मी आहे.

"काम काय?"

"पत्रकं वाटायचीत."

"पिवळ्या पट्ट्याच्या भाईर. गर्दी करायची न्हाई."

तेच वाक्य. मला राग आला, आणि तो मी अजून ठेवलेला आहे. आम्ही पट्ट्याबाहेर गेलो. वारा होता. बॅनर विजेच्या खांबाला बांधलं, पण एक कोपरा सुटून फडफडायला लागला, आणि "स्वतंत्र" एवढाच शब्द वाचता यायला लागला. गेटमधून बायका बाहेर यायला लागल्या होत्या. आधी रांग टेबलापाशी थांबून कासवासारखी सरकायची. आज भराभर पुढे येत होती. मी सवयीने, गल्लीत मारते तशी हाक मारली, मावशी, एक पिन दे गं.

तिने ड्यूटी सोडली नाही. फक्त मनगट वर करून मला दाखवलं. हिरव्या बांगड्या नुसत्या होत्या. मग हनुवटीने मागे खूण केली.

गार्डच्या केबिनपासून लोखंडी कठड्यापर्यंत दोरी बांधली होती. दोरीवरून पांढरी साडी आडवी सोडली होती, निळ्या काठाची. टेबल तिच्या पलीकडे होतं, नियमाप्रमाणे. वाऱ्याने उडू नये म्हणून साडी वरून, खालून, कडेने, जिथे तिथे टाचलेली होती. मावशी एका बाईला घेऊन आत गेली, पलीकडून "चेक झालं, चल फुडं" आलं, आणि ती बाई पिशवीची चेन लावत दुसऱ्या बाजूने बाहेर पडली.

"सगळ्या तिकडं लागल्यात," मावशी बाहेर येऊन म्हणाली, आणि पुढच्या बाईला घेऊन साडीमागे गेली.

मी बॅनरचा कोपरा हाताने धरून उभी राहिले.